वकीलपत्र कुणाचं?

रविवारचा चहा हातात असेल, बाहेर थंडी असेल, तर आज थोडा वेळ माझ्यासोबत जुन्या काळात चला. फार लांब नाही, आपल्याच राज्यात, आपल्याच हायवेने.

महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला विचारा, अब्राहम लिंकन तुला पहिल्यांदा कुठे भेटला? बहुतेकांचं उत्तर एकच येईल. शाळेच्या भिंतीवर! हेडमास्तरांच्या खोलीबाहेर काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं ते पत्र. एका बापाने मुलाच्या शिक्षकाला लिहिलेलं. वसंत बापटांनी ते मराठीत इतकं सुंदर आणलं, की आपल्याकडे ते निरोप समारंभात वाचलं गेलं, लग्नात फ्रेम करून भेट दिलं गेलं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं.

गंमत अशी, की लिंकनच्या कागदपत्रांत त्या पत्राचा पत्ताच नाही. त्याने ते लिहिल्याचा कुठलाही पुरावा मिळत नाही. म्हणून पत्रातला उपदेश वाईट ठरत नाही. पण मग वाटतं, या माणसाने खरोखर स्वतःच्या हाताने जे लिहिलं, ते काय होतं?

त्याचं उत्तर फारसं काव्यमय नाही. कर्जवसुलीचे दावे, जमिनीच्या हद्दीचे वाद, वचनचिठ्ठ्या, घटस्फोटाचे अर्ज, रेल्वे कंपन्यांचे करार. लिंकन जवळजवळ पंचवीस वर्षं वकील होता आणि अध्यक्ष होता जेमतेम चार वर्षं. आपल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘लँड ऑफ लिंकन’ लिहिलेलं असतं ना, तो लिंकन मुख्यतः हा होता. खोगिराच्या पिशवीत कागद कोंबून गावोगावच्या कोर्टांत फिरणारा वकील. आज मला बोलायचंय ते या वकिलाबद्दल, आणि तो राष्ट्राच्या राजकारणात कसा गेला त्याबद्दल.

आपली समजूत अशी असते, की आधी माणूस वकील झाला, नाव कमावलं आणि मग राजकारणात उतरला. लिंकनच्या बाबतीत हा क्रमच उलटा आहे.

1831 साली तो न्यू सेलम नावाच्या खेड्यात आला. आज स्प्रिंगफील्डच्या जवळ ते गाव पुन्हा उभारून जपलेलं आहे, तुमच्यातल्या अनेकांनी मुलांना घेऊन पाहिलंही असेल. तेव्हा वय बावीस. सगळी शाळा मिळून एक वर्षसुद्धा भरत नाही, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. दुसऱ्याच वर्षी, 1832 मध्ये, हा पठ्ठ्या राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला आणि हरला. भागीदारीत दुकान काढलं, ते बुडालं, डोक्यावर कर्ज झालं. मग गावचा पोस्टमास्तर झाला, जमीनमोजणीची कामं केली. 1834 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि निवडून आला.

म्हणजे वकिलीची सनद हातात नव्हती, तेव्हा तो आमदार होता! जॉन टॉड स्टुअर्ट नावाच्या वकिलाने त्याला म्हटलं, तू कायदा शीक. पुस्तकंही त्यानेच उसनी दिली. ना कॉलेज, ना वर्ग. 1836 मध्ये परवाना मिळाला आणि 1837 च्या एप्रिलमध्ये तो स्प्रिंगफील्डला येऊन स्टुअर्टचा भागीदार झाला. पुढे स्टीफन लोगन आणि 1844 पासून विल्यम हर्न्डन असे भागीदार बदलत गेले. हर्न्डन सांगतो, की साहेबांचं खरं ऑफिस त्यांच्या उंच टोपीत होतं. पत्रं, टिपणं, सगळं तिथेच. टेबलावर कागदांचा एक गठ्ठा असायचा आणि त्यावर लिहिलेलं असायचं, की दुसरीकडे कुठेच सापडलं नाही तर इथे बघा. आपल्या लॅपटॉपवरच्या ‘मिसलेनियस’ फोल्डरचाच हा पूर्वज!

आता ही वकिली कशी चालायची? त्या काळी इलिनॉयमध्ये न्यायाधीश एका जागी बसायचे नाहीत. कोर्टच गावोगाव जायचं. लिंकन ज्या आठव्या सर्किटमध्ये काम करायचा, त्यात एका वेळी चौदापर्यंत काउंट्या होत्या. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, न्यायाधीश आणि वकिलांचा तांडा निघायचा. घोड्यावर, बग्गीतून, चिखल तुडवत. एका गावी काही दिवस कोर्ट भरायचं, की पुढचं गाव. रात्री खानावळीत एका खोलीत सगळे. एका पलंगावर दोघे दोघे वकील. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस भलतेच जाडजूड होते, त्यामुळे त्यांना मात्र पलंग एकट्याला मिळायचा.

गावात पोचलं, की कोर्टाच्या अंगणात माणसं वाट बघत असायची. कुणाची गाय, कुणाचं कुंपण, कुणाची उधारी. फी बहुतेक वेळा पाच-दहा डॉलर. लिंकनने आणि त्याच्या भागीदारांनी हाताळलेल्या खटल्यांच्या पाच हजारांहून अधिक नोंदी अभ्यासकांनी गोळा केल्या आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा आहे पैशांच्या देण्याघेण्याचा. ज्याचं स्वतःचं दुकान बुडालं होतं, ज्याने ते कर्ज फेडायला वर्षानुवर्षं घालवली, त्याच्याकडे कधी सावकार यायचा, कधी ऋणको. आज याच्या बाजूने, उद्या त्याच्या विरुद्ध. सकाळी ज्या वकिलाशी भांडायचं, रात्री त्याच्याच शेजारी झोपायचं.

मी पेशाने कन्सल्टंट आहे, एमबीए करताना ‘नेटवर्किंग’ नावाचं प्रकरण मलाही शिकवलं होतं. लिंकनने ते बिनपुस्तकाचं केलं. वीसेक वर्षं तो या भागातल्या माणसांचे तंटे ऐकत हिंडला. ज्यूरीत बसलेले शेतकरी, दुकानदार, लोहार हेच उद्याचे मतदार होते. त्यांना समजेल असं बोलायचं, नाहीतर खटला गेला. इकडे फार्सी झाडून उपयोग नव्हता. आणि तोच जाडजूड न्यायाधीश डेव्हिस 1860 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकनच्या उमेदवारीची सगळी सूत्रं हलवत होता. वकिली आणि राजकारण हे दोन वेगळे रस्ते नव्हतेच, एकाच चिखलातून जाणारी ती दोन चाकं होती.

अजून एक. ही वकिली पुढे नुसती गायीगुरांची राहिली नाही. रेल्वे आली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा करासंबंधीचा एक मोठा खटला लिंकनने जिंकून दिला आणि पाच हजार डॉलरचं बिल लावलं. रेल्वेने खळखळ केली, तेव्हा त्याने आपल्या अशिलावरच दावा ठोकला आणि पैसे वसूल केले. म्हणून ‘साधाभोळा खेडूत वकील’ हे चित्र अर्धंच खरं आहे. बिलिंग त्याला उत्तम कळत होतं.

मग 1846 साली तो वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेला. राष्ट्राच्या राजकारणातलं हे पहिलं पाऊल. तिथे त्याने काय केलं? मेक्सिकोशी युद्ध चालू होतं. अध्यक्ष पोक म्हणत होते, की मेक्सिकोने आमच्या भूमीवर आमचं रक्त सांडलं. लिंकनने उठून ठराव मांडले, की ती नेमकी जागा कोणती ते दाखवा. उलटतपासणीचाच प्रश्न! वकील म्हणून चोख. पण देश विजयाच्या धुंदीत होता. विरोधकांनी ‘स्पॉटी लिंकन’ म्हणून टिंगल केली. 1849 मध्ये मुदत संपली. जमीन खात्याचं आयुक्तपद मिळावं म्हणून खटपट केली, ते दुसऱ्याला मिळालं. दूर ऑरेगनची गव्हर्नरकी देऊ केली गेली, ती त्याने नाकारली. त्याच वर्षी त्याला एक पेटंट मात्र मिळालं, उथळ पाण्यात अडकलेली बोट वर उचलण्याच्या युक्तीसाठी. अमेरिकेच्या अध्यक्षांत पेटंट असलेला तो एकटाच. पण स्वतःची बोट रुतली होती. चाळिशीत, हात हलवत, तो स्प्रिंगफील्डला परतला.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. पुढची पाच वर्षं तो जवळजवळ पूर्णवेळ वकिलीत होता. याच काळात त्याने युक्लिडची भूमिती हाती घेतली आणि पहिली सहा पुस्तकं पचवली. आपल्या वयाचा माणूस, मंडळी! ‘सिद्ध झालं’ म्हणजे नक्की काय झालं, हे त्याला एकदा मुळापासून समजून घ्यायचं होतं. याचा परिणाम पुढे दिसतो.

पण आज मला तुमच्यासमोर खरा प्रश्न ठेवायचाय तो दोन खटल्यांच्या निमित्ताने.

पहिला 1841 चा. नॅन्स नावाची एक काळी मुलगी. एकाने तिला दुसऱ्याला ‘विकलं’ होतं आणि घेणाऱ्याने वचनचिठ्ठी लिहून दिली होती. पुढे विकणारा वारला आणि त्याच्या बाजूने पैशांसाठी दावा झाला. घेणाऱ्याचा वकील लिंकन. त्याने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मांडलं, की इलिनॉयमध्ये माणूस गुलाम आहे याचा पुरावा नसेल तर तो स्वतंत्रच धरला पाहिजे, आणि स्वतंत्र माणसाची विक्री होऊच शकत नाही, म्हणून ती चिठ्ठी रद्द. न्यायालयाने मान्य केलं. नॅन्स मोकळी झाली.

आता दुसरा, 1847 च्या ऑक्टोबरचा. केंटकीचा एक जमीनदार, रॉबर्ट मॅट्सन. त्याची इलिनॉयच्या कोल्स काउंटीतही शेती होती. तो केंटकीहून गुलाम आणायचा, हंगाम संपला की परत न्यायचा. म्हणजे कागदोपत्री ते इथले रहिवासी नाहीत, तात्पुरते आलेले. जेन ब्रायंट नावाची बाई आणि तिची चार मुलं यांनी परत जायला नकार दिला आणि आसरा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. लिंकन या खटल्यात होता. कुणाच्या बाजूने?

मॅट्सनच्या.

होय. ज्याला आपण गुलामांचा मुक्तिदाता म्हणून ओळखतो, तो एका आईला आणि तिच्या लेकरांना मालकाच्या ताब्यात द्यावं म्हणून कोर्टात उभा होता. तो खटला हरला. जेन आणि मुलं मोकळी झाली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो खासदार म्हणून वॉशिंग्टनला निघाला.

यावर अभ्यासकांनी खूप लिहिलंय. कुणी म्हणतं, वकिलाने आलेलं काम घ्यायचं असतं. कुणी म्हणतं, तो नाही म्हणू शकला असता. मला त्याची बाजू सावरायची नाही आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करायचं नाही. मला एवढंच दिसतं, की वकिली या धंद्याचं स्वरूपच असं आहे. बाजू दुसऱ्याची असते. ज्याचं वकीलपत्र, त्याची बाजू. ती बाजू नेटाने मांडणं हे कौशल्य आहे आणि त्या कौशल्याची समाजाला गरजही आहे. पण हे कौशल्य कितीही वाढलं, तरी ‘माझी बाजू कोणती’ याचं उत्तर ते देत नाही. ते उत्तर राजकारणात द्यावं लागतं. तिथे कुणी येऊन फी देऊन बाजू हातात ठेवत नाही. तुमची तुम्हाला निवडावी लागते आणि ती अंगाला चिकटते.

लिंकनच्या आयुष्यात हा क्षण 1854 मध्ये आला.

तोपर्यंत एक जुना समझोता होता, की अमुक रेषेच्या उत्तरेला पश्चिमेकडच्या नव्या मुलखात गुलामगिरी जाणार नाही. इलिनॉयचाच सेनेटर स्टीफन डग्लस याने कॅन्सस-नेब्रास्का कायदा करून ती रेषा पुसली. तिथल्या वसाहतवाल्यांनी मतं घ्यावीत आणि ठरवावं, असं त्याचं म्हणणं. ऐकायला किती लोकशाहीचं! लिंकन खवळून उठला. त्या ऑक्टोबरमध्ये पिओरियाला त्याने तासन् तास भाषण केलं. गाभा असा, की माणूस स्वतःवर राज्य करतो ते स्वराज्य, पण एक माणूस दुसऱ्यावर त्याच्या संमतीशिवाय राज्य करतो, त्याला स्वराज्य म्हणता येत नाही. युक्लिडसारखी पायरीपायरीने मांडणी. आणि यावेळी कुणाचं वकीलपत्र नव्हतं.

त्यानंतर लगेच यश आलं असं समजू नका. 1855 मध्ये सेनेटसाठी प्रयत्न, माघार. त्याच वर्षी एक अपमानही वाट्याला आला. कापणी यंत्रांच्या पेटंटचा एक मोठा खटला होता. तो शिकागोत चालेल म्हणून स्थानिक वकील हवा, तर लिंकनला घेतलं. मग खटला सिनसिनाटीला हलला. स्थानिक माणसाची गरज संपली, पण हे त्याला कुणी सांगितलं नाही! आपल्यापैकी ज्यांनी कन्सल्टिंग केलंय, त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. लिंकन पूर्ण तयारी करून पोचला. तिथल्या बड्या वकिलांनी, विशेषतः एडविन स्टँटनने, त्याला जवळ उभंही केलं नाही. लिंकन निघून गेला नाही. प्रेक्षकांत बसून त्याने सगळा खटला ऐकला आणि या शिकलेल्या वकिलांकडून काय घेण्यासारखं आहे ते पाहिलं. सात वर्षांनी, ऐन युद्धात, अध्यक्ष लिंकनने युद्धमंत्री म्हणून कुणाला नेमलं? त्याच स्टँटनला. कारण काम त्याला येत होतं.

1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश टेनी यांनी सांगितलं, की काळा माणूस, गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, आणि नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी घालायचा अधिकार काँग्रेसला नाही. वकिलापुढे हा मोठाच पेच. ज्या न्यायालयाचा मान राखायचा, त्यानेच हे सांगितलं! लिंकनची भूमिका काळजीपूर्वक ऐका. ड्रेड स्कॉट या माणसापुरता निकाल बंधनकारक आहे, आम्ही दंगा करणार नाही. पण हा निकाल चुकीचा आहे आणि सनदशीर मार्गाने तो बदलून घेण्यासाठी आम्ही झटू.

1858 मध्ये डग्लसशी सात गावांत सात वादसभा झाल्या. ऑटवा, फ्रीपोर्ट, गेल्सबर्ग, क्विन्सी ही सगळी आपल्या फिरण्यातली गावं. तिथेही तो निर्मळ देवदूत नव्हता. चार्ल्सटनच्या सभेत, टाळ्यांच्या गजरात, गोऱ्या आणि काळ्या लोकांना समान सामाजिक व राजकीय हक्क द्यावेत असं माझं म्हणणं नाही, असं तो बोलून गेला. ते वाक्य आज वाचवत नाही, पण झाकूनही चालत नाही. सेनेटची जागा शेवटी डग्लसलाच मिळाली, कारण तेव्हा सेनेटर विधिमंडळ निवडायचं. हरलेल्या वकिलाने काय केलं? दोन्ही बाजूंच्या भाषणांची वर्तमानपत्री कात्रणं वहीत चिकटवली आणि 1860 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. स्वतःची भाषणं आणि प्रतिस्पर्ध्याचीही, जशीच्या तशी. वाचकच ज्यूरी!

आणि मग 27 फेब्रुवारी 1860, न्यूयॉर्कचं कूपर युनियन. डग्लस म्हणायचा, की आमच्या पूर्वजांना हा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त कळत होता. लिंकन म्हणाला, ठीक, पाहू या. स्प्रिंगफील्डच्या ग्रंथालयात तो जुनी दप्तरं उपसत बसला होता. राज्यघटनेवर सही करणारे एकोणचाळीस जण. यांच्यापैकी प्रत्येकाने पुढे-मागे नव्या मुलखातल्या गुलामगिरीवर कधी, काय मत दिलं? एकेक नाव घेऊन त्याने दाखवलं, की एकोणचाळिसांपैकी एकवीस जणांच्या, म्हणजे बहुमताच्या, कृतीवरून दिसतं, की केंद्राला बंदी घालायचा अधिकार आहे असंच ते मानत होते. आरडाओरडा नाही. पुरावा, पुरावा आणि पुरावा. त्या भाषणाने पूर्वेकडच्या शहरांनी त्याला गंभीरपणे घेतलं. नोव्हेंबरमध्ये तो अध्यक्ष म्हणून निवडून आला.

फेब्रुवारी 1861. स्प्रिंगफील्ड सोडायच्या आधी तो ऑफिसात आला. हर्न्डनच्या आठवणीनुसार जाताना म्हणाला, की पाटी आहे तशीच राहू दे, जिवंत राहिलो तर परत येऊन पूर्वीसारखी वकिली करू.

चार मार्चला त्याला शपथ कुणी दिली? सरन्यायाधीश टेनींनी. ड्रेड स्कॉटचा निकाल लिहिणारा माणूसच समोर होता.

पुढचं युद्ध तुम्हाला ठाऊक आहे. मी फक्त वकिलाच्या कामापुरतं सांगतो. या वकिलाने युद्धात हेबियस कॉर्पसचा हक्क स्थगित केला, म्हणजे माणसाला कोर्टापुढे उभं न करता डांबता येऊ लागलं. टेनींनी सांगितलं, की हा अधिकार काँग्रेसचा, अध्यक्षाचा नाही. लिंकनने ते जुमानलं नाही. आणि युद्धानंतर, 1866 मध्ये, नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटले चालवणं बेकायदा, कोर्टं उघडी असताना असं करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो कुणी लिहिला? सर्किटवरचे तेच डेव्हिड डेव्हिस, ज्यांना लिंकननेच त्या न्यायालयावर नेमलं होतं. मैत्री मैत्रीच्या जागी, कायदा कायद्याच्या जागी.

1 जानेवारी 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा तुम्ही कधी मुळातून वाचलाय? जरूर वाचा. निराशा होईल! इतका महान क्षण आणि भाषा एखाद्या कॉन्ट्रॅक्टसारखी. कुठली राज्यं, लुइझियानातले कुठले भाग वगळून, व्हर्जिनियातल्या कुठल्या काउंट्या वगळून. आपण क्लायंटला जे ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’ लिहून देतो, त्यात कामाच्या कक्षेत काय येतं आणि काय येत नाही हे जसं नमूद करतो, अगदी तसं. अनेकांनी तेव्हा नावं ठेवली, की जिथे त्याची सत्ता चालते तिथले गुलाम तो सोडवतच नाही. पण हा कागद उद्या कोर्टात टिकला पाहिजे, हे डोक्यात ठेवून तो लिहिला होता. बंडखोर राज्यांत सेनापती म्हणून अध्यक्षाला युद्धाचा अधिकार होता, युनियनमध्ये राहिलेल्या केंटकी, मेरिलँडसारख्या राज्यांत नव्हता.

आणि तरी, युद्ध संपल्यावर कुठलं तरी कोर्ट हा जाहीरनामा रद्द करील, ही भीती होतीच. म्हणून तो घटनादुरुस्तीच्या मागे लागला. प्रतिनिधिगृहात 1864 मध्ये पहिल्यांदा ती अडकली. 31 जानेवारी 1865 ला 119 विरुद्ध 56 मतांनी पार झाली. अशा ठरावावर अध्यक्षाची सही लागत नाही. वकिलाला हे माहीत असणारच. तरी दुसऱ्या दिवशी, 1 फेब्रुवारीला, त्याने सही केली.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. जॉन रॉक नावाच्या काळ्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयात वकिली करण्याची मान्यता मिळाली. असा मान मिळालेला तो पहिलाच. आठ वर्षांपूर्वी ज्या न्यायालयाने काळा माणूस नागरिक नाही म्हटलं होतं, त्याच न्यायालयात काळा माणूस वकील म्हणून उभा राहिला.

अडीच महिन्यांनी लिंकन गेला. वकिली करायला परत आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? एक धागा जुना आहे. 1873 मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निःस्वार्थीपणे झीज सोसली. सातासमुद्रापलीकडचा हा लढा आपल्या घरातल्या लढ्याशी जोडलेला आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. दुसरा धागा घरातला आहे. ड्रेड स्कॉट निकाल कायमचा पुसला तो 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीने. इथे जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेतला माणूस इथला नागरिक. आपल्या कितीतरी घरांत मुलांच्या हाती जन्मापासून जो निळा पासपोर्ट आहे, तो या एका वाक्यावर उभा आहे. हे वाक्य आपल्यासाठी कुणी लिहिलं नव्हतं. रक्त सांडून, कज्जे लढून दुसऱ्यांनी ते मिळवलं आणि सावली आपल्यावरही पडली.

आपण सगळे हुशार लोक आहोत. ऑफिसात क्लायंटची बाजू अशी मांडतो, की समोरचा गप्प होतो. पण गावाच्या व्हिलेज बोर्डाची सभा असते, शाळेच्या बोर्डाची निवडणूक असते, तेव्हा आपण म्हणतो, राजकारण आपलं काम नाही बुवा. ज्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्यांना मत नाही हे खरं. पण सभेत बसायला, ऐकायला आणि पुष्कळ ठिकाणी उठून दोन मिनिटं बोलायला मत लागत नाही. आणि ज्यांनी हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली आहे, त्यांना तर सबबच नाही. लिंकनची सुरुवात व्हाइट हाउसपासून झाली नव्हती. खेड्यातल्या निवडणुकीत हरण्यापासून झाली होती.

उन्हाळ्यात मुलांना स्प्रिंगफील्डला न्याल, तेव्हा थडगं आणि म्युझियम बघाच, पण लिंकन आणि हर्न्डन यांच्या ऑफिसची जागाही बघा. माउंट पुलास्की आणि मेटामोरा इथली जुनी सर्किट कोर्टंही अजून उभी आहेत. आणि घरी येताना गाडीत मुलांना एक विचारा. तुम्हाला वकीलपत्र घ्यायचंच झालं, तर कुणाचं घ्याल? मुलं काय उत्तर देतात ते आम्हालाही कळवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू.

बरंय तर मंडळी. गाडी जपून चालवा, रस्ते निसरडे आहेत. नमस्कार!